भोयरबाबूंचा शनिवारचा फळा

मंजू, जरा इकडे सरक. अशी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बस. हे पत्र आहे, तू कागदावरच बसलीस हे मला कळतं, पण प्रत्यक्ष बसायला तू येतेस कुठे? कळमेश्वर म्हणजे काही परदेश नाही. सकाळची बस धरली तर माणूस दहाच्या चहाला लकडगंजात पोचतं. तीन महिने झाले, ना तू, ना तुझं पत्र. बरं, ते भांडण नंतर करू. आज मला दुसऱ्याच गोष्टीवरून तुझा कान धरायचा आहे.

मागच्या वेळी आलीस तेव्हा जेवताना एक गोष्ट तू मोठ्या रुबाबात सांगितलीस. नवी नवी नोकरी, रुबाब असायचाच. तुझ्या कचेरीत कोणी म्हातारा आला होता. त्याच्या गावच्या बोअरिंगचं पाणी बाटलीत भरून तपासायला नेलं होतं, त्याचं काय निघालं ते विचारत होता. आणि तू म्हणालीस, "मोठी आई, मी त्याला सरळ सांगितलं, बाबा, रेकॉर्ड असं बाहेर सांगता येत नसते." माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "भोयरबाबू असते तर तुझ्याशी बोलले नसते." तर तू हसलीस. "कोण? तो वेडा बाबू? खडू देणारा?"

तू हसलीस याचा राग नाही. गल्लीतली सगळीच पोट्टी त्यांना वेडा बाबू म्हणत. पण तू म्हणू नयेस. का म्हणू नयेस ते सांगायचं काम खुद्द त्यांनीच माझ्यावर टाकलं होतं, जाताना. त्याला आता तीन वर्षं होतील. मी सांगितलं नाही. आज सांगते. मध्ये उठू नकोस.

तू त्यांना पाहिलंस ते म्हातारपणी. मी पाहिलं तेव्हा ते तिशीचे असतील. नागपूरची राजधानी जाऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि मी लग्न होऊन लकडगंजात आले होते. उंच, वाळका माणूस. मे महिन्यातसुद्धा अंगात कोट, खिशाला निळा आणि लाल असे दोन पेन. सायकलची घंटी वाजत नसे, म्हणून गल्लीत शिरताना खोकत येत. खोकला ऐकला की बाया म्हणत, "सरका वं, भोयरबाबूची घंटी वाजली."

त्यांची एक खोड होती, आणि त्या खोडीपायी त्यांनी अर्ध्या गल्लीचा रोष ओढवून घेतला होता. कोणाच्या घरी गेले आणि पाण्याचा पेला पुढे आला, की आधी विचारायचे, "कोणत्या विहिरीचं?" आता तूच सांग, त्या काळात असं विचारणं म्हणजे काय! कासारांच्या आजीने तर पेला जमिनीवर आपटला. "काहून रे बाबू, आमच्या हातचं पाणी चालत नाही काय तुले?" भोयरबाबू उठले, तिच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "हात नाही विचारला, माय. विहीर विचारली. हात तुझा सोन्याचा आहे. विहिरीचं तसं नाही." आजीने तरी महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

ते विचारत होते, कारण त्यांना माहीत होतं. शहराच्या एका कचेरीत ते कारकून होते. कोणती कचेरी, कोण साहेब, ती नावं मी लिहीत नाही. त्यातले बरेच आता नाहीतही. तेव्हा नळ मोठ्या रस्त्यापर्यंतच आला होता. आमच्या बाजूला पाच विहिरी: कासाराची, मशिदीजवळची, लिंबाखालची, गवळ्याची आणि आरामशीनच्या मागची. दर आठवड्याला एक शिपाई येई, प्रत्येक विहिरीत दोरीने बाटली सोडी, भरून नेई. बाटली कुठे जाते, तिचं पुढे काय होतं, आम्हाला काय ठाऊक! आम्हाला वाटायचं, साहेबाच्या घरी देवपूजेला नेत असतील. खरंच वाटायचं, हसू नकोस.

ती बाटली तपासली जायची, आणि शनिवारी दुपारी निकाल भोयरबाबूंच्या टेबलावर यायचा. त्यांनी तो मोठ्या रजिस्टरमध्ये उतरवायचा: ही विहीर पिण्यास योग्य, ही अयोग्य. मग वरच्या साहेबाला पत्र. वरच्या साहेबाचं दुसऱ्या साहेबाला पत्र. कधीतरी महिन्याने एक माणूस येऊन विहिरीत लाल दवा टाकून जाई. तोवर आम्ही तेच पाणी पीत असू. आरामशीनच्या मागची विहीर चार महिने 'अयोग्य' लिहून लिहून त्यांचा लाल पेन संपला, आणि त्याच विहिरीवरच्या दोन घरांत लेकरं जुलाबाने आडवी पडली. त्या दिवशी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, "साहेबाले माहीत, मले माहीत, रजिस्टरले माहीत. ज्याले प्यायचं आहे त्यालेच माहीत नाही. हे कसं गा?" तुझे मोठे बाबा म्हणाले, "मग सांगा ना तुम्ही." भोयरबाबूंनी गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली. मग म्हणाले, "पाच गल्ल्यांत दारोदार किती ओरडू? एका ठिकाणी लिहिलं पाहिजे."

लाकडाच्या टालीवरच्या, त्या वखारीच्या शेठजींनी चार फळ्या जोडून दिल्या, त्याला काळा रंग मारला, आणि टालीच्या भिंतीवर, बायका डोक्यावर पाण्याचे पितळी गुंड घेऊन जातात त्या वाटेवर, फळा टांगला. दर शनिवारी कचेरी अर्धा दिवस. भोयरबाबू सायकलवरून उतरत, घरात न जाता थेट फळ्यापाशी. आधी ओल्या फडक्याने जुनं पुसायचं, मग वर लिहायचं, 'या आठवड्यात या विहिरीचं पाणी पिऊ नका.' खाली वाईट विहिरींची नावं. बस. कचेरीतल्यासारखे अयोग्य-बियोग्य शब्द नाहीत, विहिरींचे कचेरीतले नंबर नाहीत. "नंबर साहेबाच्या विहिरीले असते," म्हणायचे. "आपल्या विहिरीले नाव आहे."

पण फळा वाचणार कोण? पाणी आणणाऱ्या आम्ही बाया, आणि आमच्यात एकीलाही अक्षर येत नव्हतं. मी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पहिल्या शनिवारी मी विचारलं, "बाबू, हे काय लिहिलं?" त्यांनी बोट ठेवून सांगितलं. पुढच्या शनिवारी पुन्हा विचारलं. मग मला ती नावं आकारावरून ओळखू येऊ लागली, गाय ओळखावी तशी. मी डोक्यावर पदर घेऊन फळ्यापाशी उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगायची, "आज गवळ्याची नाही वं, आज कासाराची नाही." मोठा मान होता मला.

एका शनिवारी यादीच्या खाली एक नवाच शब्द. तीन अक्षरांचा. मी म्हटलं, "बाबू, सहावी विहीर कुठून आली?" ते सायकल पुसत राहिले, वर पाहिलं नाही. "तुम्हीच पाहा ना, वहिनी." मी पाहत राहिले. पहिलं अक्षर कासाराच्या विहिरीतलं, पण काना गेलेला. दुसरं मशिदीतलं. तिसरं लिंबातलं, त्याचीही वेलांटी आणि टिंब गेलेलं. मी मनात जोडलं, आणि अंगावर काटा आला बघ. माझंच नाव होतं. कमल. ते म्हणाले, "झालं. आता तुम्हाले कोणीच अडवत नाही." आज मी हे जे काही लिहून राहिले आहे, ते सगळं त्या तीन विहिरींतून काढलेलं आहे.

आता तुझ्या आईची गोष्ट येते. पाणी पी थोडं.

सुमन माझी धाकटी जाऊ. तुझ्यासारखीच, चालताना दोन पायऱ्या एकदम उतरायची. तुझ्या वेळी ती पोटुशी होती त्या उन्हाळ्यात आमच्या दारची लिंबाखालची विहीर तीन महिने फळ्यावर होती. घरापासून वीस पावलांवर पाणी, आणि आम्ही दोघी मशिदीजवळून आणत असू, लाकडं भरलेल्या बैलबंड्यांमधून वाट काढत. मी म्हणायची, "तू बस, मी आणते." ती म्हणायची, "बसून तर पाय सुजून राहिले, बाई." आणि निघायचीच.

लिंबाखाली एक चहाचं दुकान होतं. त्याचं पाणी त्याच विहिरीचं. फळ्यामुळे त्याचं गिऱ्हाईक तुटलं. त्याने कोणाकोणाला गाठलं आणि गोष्ट भोयरबाबूंच्या साहेबापर्यंत गेली. साहेबाने बोलावून विचारलं, "रजिस्टरमधली नोंद रस्त्यावर कोण लावतं?" ते म्हणाले, "मी." साहेबाने कागदच हातात दिला: रेकॉर्ड बाहेर सांगणं हा गुन्हा, पुन्हा झालं तर घरी बसा. त्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती. घरात म्हातारी आई, बायको. घाबरले. मंजू, मी तुला खोटं सांगणार नाही. घाबरले.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या शनिवारी आम्ही काय पाहिलं, तर भोयरबाबू आले, सायकल लावली, ओलं फडकं घेतलं आणि फळा पुसला. लखलखीत पुसला. आणि खडू हातात न घेता खाली मान घालून घरात गेले. का पुसला? तर शिळी नोंद राहू द्यायची नाही, ही त्यांची कचेरीतली शिस्त. आठवडा बदलला की जुनं रद्द. नवं लिहायची बंदी होती, जुनं पुसायची नव्हती. तेवढा एक कारकुनी नियम त्यांनी त्या घाबरलेल्या अवस्थेतही पाळला. जुनी यादी तशीच राहिली असती, तर... पण जाऊ दे.

मी फळ्यापाशी उभी होते. कोरा फळा मी पहिल्यांदाच पाहिला. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! धावत घरी आले. "सुमन! फळा कोरा आहे! एकबी विहीर वाईट नाही या हप्त्यात!"

ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "पक्कं, बाई?"

"भोयरबाबूचा फळा खोटं बोलते काय वं? ऊठ... नको, उठू नको, बस. मी आणते लिंबाखालून."

तिला मी ते पाणी दिलं. माझ्या हाताने, पितळी पेल्यात. ती म्हणाली, "किती दिवसांनी घरचं पाणी!" पुढच्या शनिवारीही फळा कोरा होता, त्याच्या पुढच्याही. मी गल्लीभर सांगत फिरले. वाचता येत होतं ना मला!

दीड महिन्याने गल्लीत पहिले डोळे पिवळे झाले. मग घराआड एक. बाकीचे बहुतेक पथ्यपाण्याने उठले. पोटुशी बाई कावीळ कशी झेलणार? सुमनला नववा लागला होता. मोठ्या दवाखान्यात नेलं. तू झालीस, एवढीशी, रडायचीही ताकद नसलेली. तिसऱ्या दिवशी ती गेली. जाताना तिला शुद्ध नव्हती, नाहीतर तिने काहीतरी चेष्टा केली असती.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला खांद्यावर टाकून भोयरबाबूंच्या घरी गेले. ते दारात बसले होते, दाढी वाढलेली. मी बसलेही नाही. विचारलं, "काहून पुसला, बाबू?"

त्यांनी कोटाच्या खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला. उलगडून माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. त्यांच्याच अक्षरात होता. प्रत्येक शनिवारचा निकाल, ओळीने. पहिल्या ओळीत लिंबाखालची: अयोग्य. दुसऱ्या शनिवारी अयोग्य. तिसऱ्या शनिवारी अयोग्य. मला वाचता येत होतं, मंजू. मी सगळं वाचलं.

"दर शनिवारी उतरवून आणत होतो," ते म्हणाले. "म्हणलं, आज लिहीन. दहा पावलं होती फळ्यापर्यंत. कागद खिशात, आणि दहा पावलं झाली नाहीत माझ्याच्यानं."

"मी कोरं वाचलं, बाबू," मी म्हटलं. "मी तिला सांगितलं, पाणी चांगलं आहे."

"कोरं म्हणजे चांगलं नाही, वहिनी. कोरं म्हणजे माहीत नाही. हे मी तुम्हाले शिकवलं नाही. अक्षर शिकवलं, हे शिकवलं नाही." आणि त्यांनी वर पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या तुझ्याकडे. तेवढंच एकदा त्यांनी तुला नीट पाहिलं. त्यानंतर वीस वर्षांत नाही.

त्या शनिवारी ते फळ्यापाशी आले. गल्ली गोळा झाली. कोणी शिव्या द्यायला, कोणी बघायला. खडू तीनदा तुटला. मला हळूच म्हणाले, "मले भेव वाटून राहिलं. तुम्ही इथंच उभ्या राहा." मी उभी राहिले. त्यांनी पाचही विहिरींची नावं लिहिली, एकाखाली एक. चांगल्या असोत की वाईट. प्रत्येकीपुढे काहीतरी: चांगलं, वाईट, किंवा माहीत नाही. गवळ्याच्या विहिरीवर त्या आठवड्यात शिपाई आलाच नव्हता, म्हणून तिच्यापुढे माहीत नाही. कोणतीच जागा मोकळी नाही. आणि खाली स्वतःची सही केली, हुद्द्यासकट.

तुझे मोठे बाबा म्हणाले, "बाबू, सही काहून? नोकरी जाईल."

"सांगणारा कोण हेबी माहीत पाहिजे ना गा लोकाईले. उद्या चुकलं तर कोणाची मान धरतील?"

नोकरी गेली. कायम झाल्याचा कागद येणार होता, त्याऐवजी दुसरा आला. आणि मग मजा बघ, कचेरी गेली तर रजिस्टरही गेलं. त्यांना काहीच कळेना. पुढच्या शनिवारी फळ्यावर पाच विहिरी आणि पाचांपुढे 'माहीत नाही.' त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. पोट्टे हसायला लागले. तिथूनच ते वेडा बाबू झाले. चहावाला तर मोठ्याने म्हणायचा, "काही माहीत नाही तर लिहिता कायले?" भोयरबाबू सांगायचे, "तेच तर लिहून राहिलो, बाप्पा. की आपल्याले माहीत नाही." तिसऱ्या शनिवारी त्यांनी खाली एक ओळ वाढवली: 'ज्यांना माहीत आहे त्यांना विचारा.' आणि कचेरीचा रस्ता लिहिला.

मग आम्ही बाया गेलो. नऊ जणी, कासारांची आजी पुढे. सीताबर्डीपलीकडे कधी न गेलेल्या बाया त्यात होत्या. तू माझ्या कडेवर. साहेब म्हणाला, "बाई, ते रेकॉर्ड गोपनीय असतं."

आजीला तो शब्द कळला नाही. मी सांगितलं, लपवायचं असते. आजी म्हणाली, "विहीर तर आमच्या दारात उघडी आहे, साहेब. तिचं पाणी आमच्या पोटात आहे. लपवून राहिले कोणापासून?"

"तुम्हाला कोणी शिकवून पाठवलं?"

"हिच्या माईनं," आजी तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. साहेब उठून आत गेला.

आम्ही दर शनिवारी जाऊ लागलो. नुसत्या उभ्या राहायचो आणि पाच नावं विचारायचो. आमचा विजय झाला असं समजू नकोस. कितीतरी महिन्यांनी कंटाळून त्यांनी निकालाचा कागद भिंतीवर लावायला सुरुवात केली. कुठे? आतल्या बोळात, कपाटाच्या मागे. कसा? इंग्रजीत, टाइप केलेला, विहिरींचे नुसते नंबर. साहेब म्हणाला, "घ्या, सर्वांसाठी उघडं केलं." आजी म्हणाली, "हे तर कुलूप उघडून आत पुन्हा कुलूप आहे बाप्पा."

ते दुसरं कुलूप भोयरबाबूंनी उघडलं. टालीवर शेठजींनी त्यांना लाकडं मोजायला ठेवलं होतं. शनिवारी दुपारी सुटी मागून ते सायकलवर कचेरीत जायचे. ज्या कचेरीने काढलं, तिच्याच बोळात, जुन्या सोबत्यांसमोर, कपाटाआड वाकून कागद उतरवून घ्यायचे. कोणी हसे, कोणी पाठ फिरवी. एका वर्षी कचेरीने सगळे नंबर बदलले. तेव्हा पठ्ठ्याने शिपायामागे दिवसभर पायी फिरून, कोणत्या विहिरीला कोणता नंबर लागला ते लिहून आणलं. आणि आमच्या फळ्यावर पुन्हा नावं आली. कासाराची. मशिदीजवळची. लिंबाखालची.

पुढे गल्लीत नळ आले, विहिरींवर जाळ्या पडल्या. मग फळ्यावर नळाची वेळ आली, रॉकेल कधी येणार ते आलं. तुला आठवत असेल: 'रॉकेल मंगळवारी. कोण म्हणतं? दुकानदार. खरं काय? माहीत नाही.' दुकानदार चिडायचा. पण मंगळवारी रॉकेल यायचं.

आणि तुझा वाढदिवस. दर वर्षी सकाळी खोकला ऐकू यायचा. दार उघडावं तर उंबऱ्यावर खडूची पेटी, आणि ते पायरी उतरून गेलेले. मी म्हणायची, "आत या ना, बाबू, पोरगी आहे घरात." ते म्हणायचे, "नाही वहिनी, सायकल उभी आहे." जशी काही सायकल रुसून जाणार होती! तू समोर आलीस की त्यांना काहीतरी काम आठवायचं. तू मला विचारायचीस, "मोठी आई, ते मला भितात का?" मी म्हणायची, "वेडे आहेत." हे मी म्हटलेलं आहे, मंजू. तो शब्द तू पोट्ट्यांकडून आधी ऐकलास की माझ्याकडून, कोण जाणे.

शेवटी अंथरुणाला खिळले. मी पाणी घेऊन गेले तर त्या स्थितीतही, "कोणत्या..." म्हणाले, आणि स्वतःच हसले. मी म्हटलं, "नळाचं आहे, प्या." प्यायले. मग विचारलं, "मंजूले सांगितलं काय?"

"नाही."

"काहून?"

मी काय सांगणार होते? की तिच्या आईला तो पेला मी दिला? की मला हा माणूस रोज दिसायचा, आणि काही दिवशी त्याची दया यायची, काही दिवशी त्याचा खोकला ऐकून दार लावून घ्यावंसं वाटायचं? मी त्यांना माफ केलं होतं का, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. आज कोणी विचारलं तरी माझं उत्तर 'माहीत नाही' हेच आहे. मी स्वतःला माफ केलं का, त्याचंही तेच.

ते म्हणाले, "कोरं नका ठेवू, वहिनी. पोट्टी काय वाचेल त्याच्यात, काय सांगावं."

शुक्रवारी गेले. दुसऱ्या दिवशी शनिवार. गल्लीतली माणसं टालीच्या भिंतीपाशी नुसतीच येऊन उभी राहात होती. मी फडकं ओलं केलं, फळा पुसला, आणि लिहिलं: 'नळ सकाळी सहा ते साडेसात. भोयरबाबू गेले.' खाली माझी सही. पण तुला सांगायचं ते काम तसंच राहिलं. तू परीक्षेत होतीस, मग नोकरीच्या धावपळीत, मग कळमेश्वरला. कारणं मला खूप सापडली.

आता सांगितलं. तुला राग येईल. माझा येईल, त्यांचा येईल, दोघांचाही येईल. तो पत्रात लिहू नकोस, समोर येऊन कर. पण त्याआधी एक काम कर. त्या म्हाताऱ्याचं गाव तुझ्या रजिस्टरात असेलच. त्याच्या बोअरिंगचं काय निघालं ते बघ आणि त्याला जाऊन सांग. चांगलं निघालं असेल तरी सांग. साहेबाची भीती वाटेल. वाटू दे, त्यांनाही वाटली होती.

टालीची भिंत पाडली तेव्हा फळा मी घरी आणला. ओसरीत लावलाय, तुझं दप्तर टांगायच्या जुन्या खिळ्यावर. अजून दर शनिवारी लिहिते: नळ किती वाजता, दूधवाला येणार की नाही, माझे गुडघे कसे आहेत. आणि सगळ्यांत खाली तुझं नाव. त्याच्यापुढे तीन महिने झाले, 'माहीत नाही' लिहिलंय. दर शनिवारी पुसते आणि पुन्हा तेच लिहिते, कारण कोरं मी सोडत नाही. येत्या शनिवारी सकाळची बस धर, आणि तुझ्यापुढचं ते तूच पुस. फडकं मी ओलं करून ठेवते.